एक संगणक, अनेक कार्यप्रणाली

प्रस्तावना

चेन्नईत स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांची कल्पना करा. तेथील मराठी मंडळींच्या वार्षिक अंकाचे काम त्यांनी अनेक वर्षे निष्ठेने सांभाळले. २००१ सालापासूनचे सारे अंक त्यांच्या जुन्या संगणकात होते. एके दिवशी तो संगणक कायमचा बंद पडला. मजकुराची प्रत त्यांनी सुदैवाने वेगळी ठेवली होती. परंतु नव्या संगणकावर ती उघडताच मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग उमटली. अंक ज्या सॉफ्टवेअरमध्ये रचले होते, ते सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेना. पेटी हाती होती, पण किल्ली हरवली होती.

ही किल्ली पुन्हा मिळवता येते का? या पाठात आपण त्याचाच विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –

१. कार्यप्रणालीचे काम सांगू शकाल;
२. द्विप्रणाली संगणक आणि आभासी यंत्र यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
३. आभासी यंत्र वापरताना घ्यावयाची दक्षता सांगू शकाल.

१. कार्यप्रणाली म्हणजे काय?

कळफलक, पडदा, स्मृती, मुद्रणयंत्र हे संगणकाचे अवयव होत. या अवयवांकडून काम करवून घेणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज आणि लिनक्स ही तिची परिचित उदाहरणे आहेत. पत्र लिहिण्याचे किंवा हिशेबाचे सॉफ्टवेअर थेट यंत्राशी बोलत नाही. ते कार्यप्रणालीमार्फत बोलते. म्हणूनच एका कार्यप्रणालीसाठी तयार केलेले सॉफ्टवेअर दुसरीवर सहसा चालत नाही. कार्यप्रणाली बदलली की कित्येकदा जुने कामही अडते.

२. चेन्नईतील एक प्रयोग

एका संगणकावर एकच कार्यप्रणाली असावी, असा नियम नाही. याचे मोठे उदाहरण तमिळनाडूतच घडले. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठी २००५ साली चेन्नईत एक राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. सी-डॅकची चेन्नई शाखा आणि अण्णा विद्यापीठाचे एयू-केबीसी संशोधन केंद्र यांचा त्यात सहभाग होता. या प्रयत्नांतून २००७ साली ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय कार्यप्रणाली प्रसिद्ध झाली. तमिळ, हिंदी, मराठी आदी भारतीय भाषांतून काम करण्याची सोय तिच्यात आहे आणि ती विनामूल्य मिळते.

पुढे २०११ साली तमिळनाडू शासनाने सरकारी व अनुदानित संस्थांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना आखली. त्या लॅपटॉपवर विंडोज आणि बॉस अशा दोन्ही कार्यप्रणाली होत्या. संगणक सुरू करताना विद्यार्थ्याने त्यांतील एक निवडायची, अशी ती योजना होती. अशा संगणकाला आपण द्विप्रणाली संगणक म्हणू.

या व्यवस्थेत निवडीचे स्वातंत्र्य आहे, पण एक अडचणही आहे. एका वेळी एकच कार्यप्रणाली चालते. दुसरीकडे जायचे तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

३. यजमान आणि पाहुणा

ही अडचण आभासीकरणाने दूर होते. आपल्या नेहमीच्या कार्यप्रणालीवर एक विशेष सॉफ्टवेअर बसवतात. ते संगणकाच्या आतच दुसरा, काल्पनिक संगणक उभा करते. त्याला आभासी यंत्र म्हणतात. मूळ कार्यप्रणाली ही यजमान आणि आभासी यंत्रातील कार्यप्रणाली ही पाहुणी. दोघी एकाच वेळी, शेजारी शेजारी चालतात.

पाहुणीला वाटते की सारे यंत्र आपलेच आहे. प्रत्यक्षात तिला स्मृतीचा ठरावीक वाटाच मिळतो. तिची संपूर्ण तबकडी म्हणजे यजमानाच्या तबकडीवरील एक मोठी फाइल असते. पाहुणीने छापण्याचा आदेश दिला, तर सॉफ्टवेअर तो मध्येच झेलून यजमानाकडे पोहोचवते.

ही कल्पना नवी नाही. संगणक अतिशय महाग होते, त्या १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीने एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवण्याचे तंत्र विकसित केले. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली ते व्यक्तिगत संगणकावर आणले. २००७ साली आलेले व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर आज बरेच जण वापरतात.

पाठगत प्रश्न

रिकाम्या जागा भरा.

(अ) बॉस ही कार्यप्रणाली ______ साली प्रसिद्ध झाली.
(आ) द्विप्रणाली संगणकावर एका वेळी ______ कार्यप्रणाली चालते.
(इ) आभासी यंत्रातील कार्यप्रणालीला ______ म्हणतात.

४. हरवलेली किल्ली

आता त्या गृहस्थांकडे वळू. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी मराठी फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचा आकार बसवलेला असे. तो फॉन्ट नसेल, तर मूळची रोमन अक्षरेच दिसतात. केवळ जुना फॉन्ट बसवून काम भागत असेल, तर उत्तमच. परंतु अंकाची रचनाच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर तेवढे पुरत नाही.

अशा वेळी नव्या संगणकावर आभासी यंत्र तयार करावे. त्यात जुनी विंडोज, जुने सॉफ्टवेअर आणि जुना फॉन्ट बसवावा. अंक उघडला की त्याची पाने पीडीएफ रूपात जतन करावीत आणि मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा. मग तो कोणत्याही संगणकावर वाचता येईल. अशा रीतीने वर्षानुवर्षांच्या श्रमांवर पाणी सोडण्याची वेळ टळते. आभासी यंत्र हा मात्र मुक्कामाचा वाडा नव्हे. ती युनिकोडच्या गावी पोहोचवणारी नाव आहे.

५. मर्यादा आणि दक्षता

- पाहुणीला दिलेली स्मृती यजमानाच्या वाट्यातून जाते. संगणकात ती तुटपुंजी असेल, तर दोघींचाही वेग मंदावतो.
- विंडोज आभासी यंत्रात बसवली, तरी तिचा परवाना लागतो. बॉससारख्या मुक्त कार्यप्रणालीला परवान्याचा खर्च नाही.
- विंडोज एक्सपीला मिळणारे संरक्षण एप्रिल २०१४ मध्ये थांबले. अशी जुनी कार्यप्रणाली इंटरनेटला जोडू नये.
- काही जुन्या सॉफ्टवेअरला चालण्यासाठी डोंगल लागते. आभासी यंत्रात ते चालेलच, असे नाही.
- आभासी यंत्राच्या फाइलची प्रत दुसऱ्या तबकडीवर अवश्य ठेवावी. ती फाइल बिघडली, तर सारे पुन्हा हातचे जाते.

तुम्ही काय शिकलात?

एका यंत्रावर अनेक कार्यप्रणाली नांदू शकतात. द्विप्रणाली संगणकावर त्या आळीपाळीने चालतात. आभासी यंत्रामुळे त्या एकत्र चालतात. त्यामुळे नवे शिकताना जुने टाकून द्यावे लागत नाही.

पाठान्त प्रश्न

१. द्विप्रणाली संगणक आणि आभासी यंत्र यांतील फरक चार-पाच वाक्यांत लिहा.
२. ‘आभासी यंत्र हा मुक्कामाचा वाडा नव्हे’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. ‘पाणी सोडणे’ आणि ‘हातचे जाणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मराठी मजकूर आहे का? तो वाचवण्यासाठी काय कराल, ते दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) २००७ (आ) एकच (इ) पाहुणी