सोल्डरिंग शिकताय? पहिले दीड हजार रुपये असे खर्च करा

हेडफोनचा छोटा ॲम्प्लिफायर स्वतः बांधायचा ठरवला की बरेच जण आधी महागडी चिप घेतात आणि ती जोडायला मिळेल तो स्वस्तातला सोल्डरिंग आयर्न. खर्चाचा क्रम याच्या उलट हवा. हत्यारं वर्षानुवर्षं टिकतात. चिप मात्र एका चुकीच्या जोडणीत जाते.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर, या दोन ठिकाणी खालचं सगळं मिळतं. भाव अंदाजे आहेत, दुकानागणिक थोडेफार बदलतील.

सोल्ड्रॉनचा २५ वॅटचा आयर्न २५० ते ३५० रुपयांना मिळतो, सुरुवातीला तो पुरेसा आहे. सोबत स्टँड घ्याच (शंभर रुपये), तापलेला आयर्न टेबलावर नुसता ठेवू नका. ६०/४० सोल्डर वायरचं ५० ग्रॅमचं रीळ दीडशेच्या आसपास. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असलेली ही तार १९० अंशांच्या आतच पूर्ण वितळते, त्यामुळे नवख्या हाताला सोपी जाते. डीसोल्डर पंप आणि कटर प्रत्येकी शंभर-सव्वाशे. मल्टिमीटर अडीचशेलाही मिळतो, पण सहाशे-सातशेचा घ्या. जोडणी झाली की ‘बीप’ देणारा हवा, दुकानातच तपासा. असे सगळे मिळून दीड हजार होतात. तापमान नियंत्रित करणारं स्टेशन अडीच-तीन हजारांपासून पुढे आहे, त्याची घाई नको.

पहिलं काम ॲम्प्लिफायरचं घेऊ नका. तुटलेल्या इअरफोनला नवा ३.५ मिमीचा जॅक लावा, खर्च ३० ते १०० रुपये. इथे बहुतेक जण अडतात, कारण इअरफोनच्या बारीक तारांवर लाखेसारखा लेप असतो. सोल्डर चिकटत नाही म्हणून आयर्नला दोष देऊ नका. टोकावर वितळलेल्या सोल्डरचा थेंब धरा आणि तारेचा शेंडा त्यात काही सेकंद बुडवा. लेप जळून तार चकचकीत झाली की मग जोडा. नेहमी आधी जोड तापवायचा, सोल्डरची तार जोडाला लावायची, आयर्नच्या टोकाला नव्हे. नाहीतर ड्राय सोल्डर, म्हणजे वरवर चिकटलेला कच्चा जोड, होतो आणि वायर हलली की आवाज जातो.

हे जमलं की ‘सी-मॉय’. चू मॉय यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मांडलेला हेडफोन ॲम्प्लिफायरचा हा आराखडा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. घरच्या विजेशी संबंध नाही, म्हणूनच नवख्यांना तो सुचवावासा वाटतो. व्हेरोबोर्ड, एक टक्क्याचे रेझिस्टर, कपॅसिटर, १० के स्टिरिओ व्हॉल्यूम पॉट, दोन सॉकेट, बॅटरी आणि डबी यांना तीन-साडेतीनशे रुपये. मूळ आराखड्यातली ओपीए२१३४ चिप तीन-चारशेला. फार स्वस्त मिळाली तर ती बनावट असण्याची शक्यता मोठी.

चिप थेट सोल्डर करू नका, पाच रुपयांचा आठ पायांचा आयसी बेस लावा. आधी पंधरा-वीस रुपयांची टीएल०७२ बसवून जोडणी तपासा, दोघींचे पाय सारखेच आहेत. एनई५५३२ ही चिपही स्वस्त आणि नावाजलेली आहे, पण या मांडणीत तिच्या इनपुटच्या प्रवाहामुळे आउटपुटवर डीसी व्होल्टेज येतं आणि ते हेडफोनला घातक. म्हणून हेडफोन लावण्याआधी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून सॉकेटचे दोन्ही चॅनेल मोजा. ओपीए२१३४ बसवल्यावर आकडा साधारण वीसच्या आत असावा. शेकड्यांत असेल तर बॅटरी काढा आणि जोडणी पुन्हा बघा. पहिल्यांदा ऐकायला जुना इअरफोनच लावा.

सोल्डर करताना निघणारा धूर तारेतल्या राळेचा असतो, शिशाचा नव्हे, तरी खिडकी उघडी ठेवा. शिसं हातावाटे पोटात जातं. काम संपलं की साबणाने हात धुवा, टेबलावर खाऊ नका, लहान मुलांना लांब ठेवा.

आता पैशांचा हिशेब. १६-३२ ओहमच्या साध्या इअरफोनला हा ॲम्प्लिफायर लागत नाही, फोनमध्ये लावायचा हजारएक रुपयांचा डोंगल तिथे सरस ठरेल. ३०० ओहमच्या सेनहायझर एचडी ६०० सारख्या हेडफोनला मात्र तो उपयोगी पडतो. पैसे वाचवण्यासाठी बांधणार असाल तर डोंगल घ्या. सोल्डरिंग शिकायचं असेल तर सी-मॉय बांधा, आणि त्याआधी घरातले बंद पडलेले इअरफोन बाहेर काढा.