तोतोत : बिया पेरणारं कबूतर (परिसर अभ्यास, इयत्ता ४ थी व ५ वी)



अन्नसाखळीचा पाठ आपण सगळेच शिकवतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. फळ्यावर बाण काढले की मुलांना पटकन समजतं आणि पेपरातही बरोबर लिहून येतं. पण त्या बाणांतून कोण कोणाला खातं एवढंच कळतं. खाणारा परत काय देतो, ते बाणात दिसत नाही. चौथीच्या वर्गात एका मुलीने मला सरळ विचारलं, "बाई, पक्षी संपले तर झाडांचं काय बिघडतं? उलट त्यांची फळं वाचतील की!" वर्ग हसला. मी त्या दिवशी "निसर्गाचा समतोल बिघडतो" असं गोल उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरं उत्तर मला नंतर वाचताना सापडलं, आणि ते गुआम नावाच्या एका बेटावर प्रत्यक्ष घडलेलं आहे.

नकाशात फिलिपिन्सच्या पूर्वेला पॅसिफिक महासागरात मेरियाना बेटांची एक रांग दिसेल. तिच्यातलं सगळ्यात दक्षिणेचं आणि सगळ्यात मोठं बेट म्हणजे गुआम. मोठं म्हणजे किती? साधारण ५४० चौरस किलोमीटर, आपल्या मुंबईपेक्षाही थोडं लहान. या बेटांवर फळं खाणारं एक छोटं कबूतर राहतं. तिथले चामोरो लोक त्याला 'तोतोत' म्हणतात. आकाराने आपल्या साळुंकीएवढं. पाठ आणि पंख हिरवे, मान-छाती राखाडी आणि कपाळावर गुलाबी टोपी. मुलांना चित्र रंगवायला दिलंत तर खूश होतील. प्रत्यक्षात मात्र ते पानांत असं मिसळून जातं की आवाज येतो आणि पक्षी दिसत नाही. काटक्यांचं विरळ घरटं आणि त्यात एकच अंडं. हे 'एकच अंडं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा, पोटाचा. आपल्या शाळेच्या छपरावरचा पारवा ज्वारी-बाजरीचे दाणे खातो. दाणे दळायला त्याच्या पोटात जाड स्नायूंचा एक भाग असतो. मुलांना मी 'पोटातलं जातं' म्हणून सांगते. तोतोतच्या गटातल्या कबुतरांचं हे जातं मऊ आणि पातळ असतं. फळ गिळलं की गर पचतो आणि बी न फुटता विष्ठेतून बाहेर पडते. तोवर पक्षी दुसऱ्या झाडावर गेलेला असतो. म्हणजे फळ ही झाडाने दिलेली मजुरी, आणि काम बी लांब नेऊन टाकण्याचं.

इथे माझी एक चूक कबूल करते. आपला राज्यपक्षी हरियाल हाही फळं खाणारं कबूतर. वड, पिंपळ, उंबर हे त्याचं आवडतं खाणं. "हरियाल वडाच्या बिया पेरतो" असं मी किती वर्षं सांगत होते! पण हरियालाच्या गटातल्या कबुतरांचं जातं चांगलं मजबूत असतं आणि उंबरा-वडाच्या बारीक बियांपैकी बहुतेक बिया त्यात भरडल्या जातात. फळं खाणारा प्रत्येक पक्षी पेरणारा नसतो. तुम्हीही तसं सांगत असाल तर दुरुस्त करून घ्या.

आता गुआमवर काय झालं ते. तिथे पूर्वी साप म्हणावा असा एकच होता, तोही गांडुळाएवढा. पावसाळ्यात आपल्या मोरीत कधीकधी निघतो ना, तो वाळा, तोच. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानातून तपकिरी रंगाचा, झाडावर चढणारा, रात्री फिरणारा साप बेटावर पोचला. इथल्या पक्ष्यांना झाडावर येणारा साप माहीतच नव्हता. उघडं घरटं, एकच अंडं, त्यात बचावाची काही सवय नाही. १९६० च्या दशकात बेटाच्या दक्षिण भागातले पक्षी कमी व्हायला लागले आणि मग ही शांतता उत्तरेकडे सरकत गेली. सुरुवातीला संशय कीटकनाशकांवर होता, रोगावरही होता. ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने एकेक कारण तपासलं आणि १९८७ मध्ये शोधनिबंधातून दाखवून दिलं की हे काम सापाचं आहे. तोवर उशीर झाला होता. जंगलातल्या १२ देशी पक्ष्यांपैकी १० तिथल्या रानातून गेले. तोतोतही गेला. उत्तरेकडच्या रोटा, तिनियन, सायपन या बेटांवर तो अजून आहे.

मग फळं वाचली का? वाचली! झाडं दरवर्षी फळतात, फळं पिकतात आणि टपाटप खालीच पडतात. आईच्याच सावलीत, एकमेकांना चिकटून. तिथे ऊन नाही आणि वर बुरशी आणि किडे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन जातींची झाडं तपासली. पक्षी गेल्यामुळे त्यांची नवी रोपं ६१ ते ९२ टक्क्यांनी कमी होऊ शकतात असा अंदाज निघाला. एखादं मोठं झाड कोसळून उजेडाची जागा झाली तरी तिथे बी आणून टाकायला कोणी नाही. वरून पाहिलं तर जंगल हिरवंगार आहे, म्हणूनच चटकन कोणाच्या लक्षात येत नाही.

हे नुसतं सांगून चौथीला पटत नाही. मी मैदानावर एक खेळ घेते. तीन मुलं झाडं होतात. प्रत्येकाभोवती फक्कीने दोन पावलांचं रिंगण आणि हातात वीस चिंचोके. पहिल्या फेरीत पाच-सहा मुलं तोतोत होतात, चिंचोके घेतात, मी दहा आकडे मोजेपर्यंत फिरतात आणि असतील तिथे एकेक टाकतात. दुसऱ्या फेरीत तोतोत नाहीत. झाडांनी चिंचोके हातातून नुसते सोडायचे. नियम असा की एका रिंगणात एकच रोप जगतं, बाहेर पडलेलं प्रत्येक जगतं. मुलं स्वतः मोजतात आणि फळ्यावर लिहितात. (काही जण चिंचोके कुंपणापलीकडे फेकतात. तोतोत फेकत नाही हे आधीच बजावा.) ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिलाच मी झाड केलं होतं. दुसऱ्या फेरीनंतर पायाशी वीस चिंचोके बघून ती म्हणाली, "बाई, माझी सगळी पोरं माझ्याच पायात!"

एक काळजी घ्या. हा पाठ ऐकून मुलं "साप वाईट" म्हणायला लागतात. धामण आपल्या शेतातले उंदीर खाते, ती इथलीच आहे. गुआमचा साप त्याच्या मूळ मुलखात असाच कुणाचा तरी शेजारी आहे. त्याला जहाजात बसवून आणलं माणसाने.

"मग तोतोतला परत का सोडत नाहीत?" हा प्रश्न येणारच. साप अजून तिथे आहेत म्हणून. गेल्या काही वर्षांत साप नसलेल्या सारिगान बेटावर काही तोतोत नेऊन सोडले आहेत. गुआमच्या बंदरावर आणि विमानतळावर शिकवलेले कुत्रे सामान हुंगून साप शोधतात, म्हणजे तो रोटा-सायपनला पोचू नये. शिवाय मेलेल्या उंदरात पॅरासिटामॉलची गोळी घालून, त्याला कागदी छत्री बांधून हेलिकॉप्टरमधून जंगलावर टाकतात. आपल्या तापाचं औषध त्या सापाला ८० मिलिग्रॅममध्ये मारतं. मांजरांनाही ते घातक असतं, त्यामुळे पालकांनी घरातल्या गोळ्या वर ठेवाव्यात. आणि ही छत्रीवाल्या उंदरांची गोष्ट तास संपायला पाच मिनिटं असतानाच सांगा. एकदा सांगितली की त्या दिवशी पुढचं काही शिकवून होत नाही.