दीड महिन्याची सुई आणि मोसंबीचा रस

मी उपकेंद्रात सिस्टर आहे. दीड महिन्याची सुई घेतलेलं बाळ संध्याकाळी तापतं आणि घरचे घाबरतात, हे नेहमीचंच. पण आता काही घरांत सुई सोसावी म्हणून आधीच बाळाला ‘सी’ जीवनसत्त्वाचे थेंब किंवा मोसंबीचा रस पाजतात. असं एक बाळ जुलाबांनी पार मलूल होऊन माझ्याकडे आलं. आजीनं आदल्या दिवसापासून चमच्यानं रस पाजला होता, नातवाच्या मायेपोटीच. बाळ सावरलं, पण खापर सुईवर फुटलं आणि पुढचा डोस लांबला. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

‘सी’मुळे सुई सोसते, या समजाला थोडा आधार आहे. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी शरीरावर ताण आला की कामाला लागतात आणि त्यांच्यात हे जीवनसत्त्व भरपूर असतं. आजारपणात रक्तातलं त्याचं प्रमाण घटतं. आणि माणसाचं शरीर ते स्वतः बनवत नाही. पण म्हणून ते जादा पाजलं की लसीचा ताप टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. या सुईतल्या पेंटा नावाच्या एकत्रित लसीमधल्या डांग्या खोकल्याच्या लसीमुळे प्रतिकारशक्ती जागी होते, म्हणून अंग तापतं. एकदोन दिवसांत ताप उतरतो.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. ‘सी’ त्याला दुधातून मिळतं, तेव्हा लक्ष आईच्या ताटाकडे द्या. अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज ११५ मिलिग्रॅम लागतं. एक पेरू, एखादा आवळा, जेवताना पिळलेलं लिंबू, एवढ्यात भागतं.

सुईनंतर अर्धा तास केंद्रावर थांबा. जागा चोळू नका. सूज आली तर गार पाण्याची घडी ठेवा, दूध पाजत राहा. तापाचं औषध बाळाच्या वजनावरून सांगितलं असेल तेवढंच द्या. आणि हे जीव तोडून सांगते: पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप एक नव्हेत. थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असतं, १२५ च्या सिरपमध्ये २५. सिरपच्या मापानं थेंब पाजले तर चौपट औषध पोटात जातं. बाटली आम्हाला दाखवा, मगच द्या.

ताप दोन दिवसांपुढे गेला, बाळ तीन तास न थांबता रडलं, दूध ओढेना किंवा झटका आला, तर लगेच दवाखाना गाठा. नाहीतर कार्ड सांभाळून ठेवा आणि अडीच महिन्यांच्या सुईला या.