कोर्टावरचा बूट रोजच्या वापरात

रेट्रो बास्केटबॉल स्नीकर म्हणजे एकेकाळी लाकडी कोर्टावर खेळण्यासाठी घडवलेला आणि आता जुन्याच आराखड्यावरून पुन्हा काढला जाणारा बूट होय; 1917 चा कॉन्व्हर्स, 1982 चा एअर फोर्स 1 आणि 1985 चा एअर जॉर्डन 1 हे त्याचे परिचित नमुने आहेत. यांपैकी शेवटच्या दोहोंचा तळ ‘कपसोल’ पद्धतीचा, म्हणजे रबराच्या उथळ वाटीत वरचा भाग बसवून कडेने शिवलेला असतो. त्यामुळे तो सहसा सुटत नाही, सुटलाच तर चांभाराकडून पुन्हा शिवून घेता येतो, आणि हा त्याचा खरा मोठा गुण मानला पाहिजे. मात्र तोच तळ जड आणि ताठ असल्याने जॉगिंग ट्रॅकवर चालण्यास चालतो, धावण्यास नव्हे.

प्रस्तुत लेखकाने घोटा झाकणारा असा एक जोड वर्षभर रोज वापरला, तेव्हा त्याची पहिली झीज तळाला नव्हे तर टाचेला झाली. मराठी घरात उंबऱ्यापाशी आणि देवळाबाहेर बूट काढावेच लागतात. दिवसातून अनेकदा नाड्या सोडण्याचा कंटाळा येऊन पाय तसाच कोंबला जातो, आणि टाचेला आधार देणारी आतली कडक पट्टी, जिला ‘हील काउंटर’ म्हणतात, ती मोडते. ती मोडल्यावर टाच आत सरकू लागते व फोड येतात. ज्याला दिवसभर आत-बाहेर करावे लागते, त्याने कमी उंचीचा जोड घ्यावा आणि शूहॉर्न, म्हणजे बूट चढवण्याची पट्टी, दारापाशीच ठेवावी.

पावसाळ्यात जाड चामडे भिजल्यावर लवकर वाळत नाही आणि ओलसर बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते. म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरावेत, भिजलेला जोड कागद भरून सावलीत वाळवावा. झिजून गुळगुळीत झालेल्या तळाने ओल्या फरशीवर पाय घसरतो, हेही अनुभवास आले आहे.

तथापि, जपण्यासाठी खोक्यात कोंडून ठेवणे हाही उपाय नव्हे. 1988 च्या एअर जॉर्डन 3 सारख्या नमुन्यांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेनचा फेस असतो आणि हवेतील ओलाव्याने त्याचे रेणू तुटत जातात. या क्रियेला जलविघटन म्हणतात. न वापरलेला जोडही त्यामुळे काही वर्षांनी पहिल्याच पावलाला भुगा होऊन सुटू शकतो, म्हणून जुना जोड विकत घेताना मधला थर अंगठ्याने दाबून पाहावा आणि तो ठिसूळ लागला तर घेऊ नये.