टर्बो, पेट्रोल आणि बर्फाचा एक खडा

माझे मामा साताऱ्याच्या आयटीआयमध्ये शिकून मेकॅनिक झाले. सध्या ते कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात स्नोमोबाईल दुरुस्त करतात. पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा असलेली ही गाडी बर्फावर धावते. सियाचीनमध्ये आपले जवान वापरतात ती स्नो स्कूटर याच जातीची. जानेवारीतल्या एका रविवारी फोनवर मामांनी मला एक कोडे घातले. ते सोडवताना मी कसा चुकलो, ते सांगतो.

आधी थोडे विज्ञान. 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. उंचावर हवा विरळ होते. 5,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो. त्यामुळे तिथे आपल्याप्रमाणे इंजिनालाही धाप लागते. यावर उपाय म्हणजे टर्बोचार्जर. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. 1918 मध्ये सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचे इंजिन पाइक्स पीक या सुमारे 14,000 फूट उंच शिखरावर नेले आणि टर्बो लावल्यावर ते तिथेही सपाटीइतकी ताकद देते, हे दाखवून दिले.

टर्बोने वाढवलेल्या दाबाला बूस्ट म्हणतात. हवा वाढली की पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे. पूर्ण जोरावर तर ते थोडे जास्तच देतात, म्हणजे 1 भाग पेट्रोलला सुमारे 12 भाग हवा. त्या जादा पेट्रोलाने आतली उष्णता आटोक्यात राहते. पेट्रोल कमी पडले तर इंजिनात ठोके बसतात आणि पिस्टनला भोकही पडू शकते.

आता कोड्याचा भाग. मामांकडच्या गाडीत पेट्रोल 3 बार दाबाने इंजेक्टरपर्यंत येते. पण 0.5 बार बूस्ट असताना इंजेक्टरच्या तोंडाशी तेवढाच दाब उलटा ढकलतो. म्हणून दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला एका बारीक नळीने बूस्टची खबर मिळते आणि तो पेट्रोलचा दाब 3.5 बार करतो. दोन्हींतला फरक 3 बारच राहतो.

मामांनी बर्फावर गाडी चालवून घेतलेले आकडे मला सांगितले. बूस्ट 0 असताना हवा-पेट्रोल प्रमाण 12. बूस्ट 0.25 असताना 12.5. बूस्ट 0.5 असताना जवळपास 13.2, आणि गाडी अडखळते. पेट्रोलचा दाब मात्र सगळीकडे 3.0. जाता जाता ते म्हणाले, "रात्रभर वर्कशॉपात उबेला ठेवली आणि सकाळी आतच तपासली, तर काही दोष नाही."

मी लगेच म्हणालो, "मामा, पेट्रोल कमी पडतंय ना? मग कॉम्प्युटरमध्ये दहा टक्के वाढवा."

मामा हसले. "अरे, गाडीचा मालक परवा डोंगरात चाललाय. बाहेर उणे वीस आहे. तिथं इंजिन बसलं तर त्याला चालत यावं लागेल. नीट विचार कर आणि पुढच्या रविवारी सांगू नकोस, आज संध्याकाळपर्यंत सांग."

मी वही घेऊन बसलो. इंजेक्टरमधून येणारे पेट्रोल दाबातील फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. पेट्रोलचा दाब 3.0 वरच राहिला तर 0.5 बूस्टला फरक उरतो 2.5. 2.5 भागिले 3 याचे वर्गमूळ 0.913. म्हणजे पेट्रोल सुमारे 9 टक्के कमी. 12 भागिले 0.913 म्हणजे 13.1. जवळजवळ मामांचाच आकडा! पंप कमजोर असता किंवा फिल्टर चोंदला असता, तर दाब आधी वाढला असता आणि मागणी वाढल्यावर पडला असता. इथे तो हललाच नव्हता. रेग्युलेटरपर्यंत बूस्टची खबरच पोचत नव्हती.

पण मग उबेत दोष का दिसला नाही? तेव्हा मामांचे शेवटचे वाक्य आठवले. दाबलेल्या हवेतला ओलावा नळीच्या झोळात साठत असणार, बाहेर गोठत असणार आणि आत वितळत असणार!

मामांनी थंडीत नळी काढून पाहिली. झोळात बर्फाचा खडा होता. त्यांनी नवी, आखूड नळी झोळ न ठेवता, सतत उतार देऊन बसवली. बाहेर चालवून पाहिल्यावर 0.5 बूस्टला दाब 3.5 आणि प्रमाण 12. त्यानंतरच गाडी मालकाला दिली.

माझे ऐकून पेट्रोल दहा टक्के वाढवले असते तर? बर्फ वितळलेल्या दिवशी प्रमाण 11 च्याही खाली गेले असते. गाडीने काळा धूर सोडला असता आणि खरा दोष तसाच राहिला असता.

फायरिंग रेंजवर उस्ताद आम्हांला एका गोळीवरून साइट हलवू देत नाहीत. आधी पाच गोळ्यांचा ग्रुप पाहायचा. तेच इथे लागू पडते. म्हणून मी वहीत हा क्रम लिहून ठेवला आहे:

1. दोष जिथे आणि ज्या थंडीत येतो, तिथेच आकडे घ्या.
2. आधी नळ्या, जोड, फिल्टर आणि पंप तपासा. कॉम्प्युटरमधले आकडे शेवटी.
3. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा.
4. दुरुस्तीनंतर त्याच परिस्थितीत पुन्हा चालवून पाहा.

जाता जाता तुमच्यासाठी एक गणित. नळी अशीच तुंबली आणि बूस्ट 0.8 बार असेल, तर प्रमाण किती होईल? वर्गमूळ काढून पाहा. उत्तर सुमारे 14 आले, तर तुमचे गणित बरोबर आणि त्या पिस्टनची खैर नाही.