एका आज्ञेत सगळे संगणक

चि. सोनूस,


बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या संगणकांवर अपडेट्स आपोआप जावीत अशी व्यवस्था तू उभी करतो आहेस, हे फोनवर ऐकून फार समाधान वाटलं. पेन ड्राइव्ह घेऊन शाखा-शाखा फिरण्यात कुठलं ना कुठलं यंत्र राहतंच, आणि घात नेमका तिथूनच होतो. पण फोनवर जे नीट सांगता आलं नाही, ते आता लिहिते.

मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा-पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. पॅच जाहीर झाला की दोष कुठे होता, हेही चोरांना कळतं. १४ मार्च २०१७ ला असाच एक पॅच आला होता. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरलं, ते त्याच दोषातून. मधे जवळजवळ दोन महिने होते. तरीही ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्या कितीतरी यंत्रांवर तो पॅच बसलेला नव्हता, आणि रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. म्हणून अपडेट आपोआप जायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता दुसरी बाजू बघ. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीकडून एक सदोष फाइल जगभर गेली. दीड तासाच्या आत ती मागे घेतली, तरी तेवढ्यात विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातल्या विमानतळांवरही बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. बहुतेक यंत्रं नीट सुरूच होत नव्हती, त्यामुळे दुरुस्ती नेटवर्कवरून पाठवून भागेना; माणसांना एकेका यंत्रापुढे बसून ती फाइल काढावी लागली.

या दोन्ही घटना शेजारी ठेवून विचार कर. ज्या वेगाने दुरुस्ती पोहोचते, त्याच वेगाने चूकही पोहोचते. तेव्हा वेग ठेव, पण त्याला टप्पे घाल.

पहिला टप्पा मुख्य कार्यालयातल्या मोजक्या यंत्रांचा. तिथे फक्त नवे संगणक निवडू नकोस. पासबुक प्रिंटर जोडलेला, चेक स्कॅनर जोडलेला, सगळ्यात जुना, असा प्रत्येक प्रकारचा एक तरी असू दे. दोन दिवस त्यांच्यावर रोजचं काम होऊ दे. मग एक-दोन शाखा, आणि त्यानंतर बाकीच्या. हल्ला सुरू असल्याची बातमी असेल तेव्हा हे दिवस तासांवर आण, पण पहिला टप्पा गाळू नकोस. महिनाअखेर आणि मार्चएंडला तातडीचं सोडून काहीही पाठवू नकोस. शाखाधिकाऱ्यांना आदल्या दिवशी कळव. रांगेतल्या खातेदारासमोर कॅशियरचं यंत्र रीस्टार्ट झालं, तर उद्या तोच कॅशियर अपडेट टाळायची युक्ती शोधेल.

अपडेट पाठवलं म्हणजे ते बसलं, असं धरून चालू नकोस. कुणी संध्याकाळी स्विचच बंद करून जातं, कुणाची डिस्क भरलेली असते, कुठे रीस्टार्ट राहिलेला असतो. म्हणून आधी बँकेत एकूण यंत्रं किती, कुठे आणि कुणाकडे, याची खरी यादी कर. अहवालात पंचाण्णव टक्के हिरवे दिसले तरी उरलेल्या पाच टक्के यंत्रांची नावं काढ आणि त्यांच्या मागे लाग. यादीतच नसलेलं यंत्र अहवालात लालही दिसत नाही. सगळ्यात मोठा धोका त्याचाच.

परतीची वाट आधी तयार ठेव. बॅकअप आहे एवढ्यावर थांबू नकोस, एकदा त्यातून यंत्र उभं करून बघ. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल, तर रिकव्हरी कीची एक प्रत अशा जागी ठेव, की सर्व्हर पडला तरी ती हाती येईल.

आणि ज्या सर्व्हरवरून अपडेट्स जातात, तो जिवापाड जप. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचं घातक सॉफ्टवेअर पसरलं, ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मर्स्क या जहाज-कंपनीची यंत्रणा त्यात कोलमडली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही थांबलं. ज्या वाटेवर सगळे संगणक डोळे मिटून विश्वास ठेवतात, तीच शत्रूला हवी असते. त्या सर्व्हरचं खातं वेगळं ठेव, पासवर्डला दुसऱ्या पडताळणीची जोड दे, आणि त्या खात्यावरून ईमेल कधीही उघडू नकोस.

आपोआप होणाऱ्या कामाने तुझे कष्ट वाचतील. जबाबदारी मात्र तुझ्याकडेच राहील. शाखेत पेन्शन काढायला आलेल्या आजींना सर्व्हर काय असतो ते ठाऊक नसतं. त्यांचं काम त्या दिवशी झालं पाहिजे, हे तुझं काम आहे. या आठवड्यात यादीला हात घाल, आणि पुढच्या दुसऱ्या मंगळवारनंतर पहिला टप्पा कसा गेला ते सविस्तर कळव.

तुझी,
मावशी