लहान गाडी की मोठी?

टोमॅटोचा हंगाम आला, की नारायणगावच्या बाजारात गाड्यांची रीघ लागते. त्यांत दोन तऱ्हा फार दिसतात. एक लहान. टाटा कंपनीने २००५ साली 'एस' नावाची गाडी काढली. लोकांनी तिला नाव दिले छोटा हत्ती. दुसरी मोठी पिकअप, महिंद्राच्या बोलेरोसारखी.

आमच्या रात्रीच्या वर्गात जवळच्या वस्तीवरचे दोघे भाऊ येतात. त्यांना गाडी घ्यायची होती. धाकटा म्हणाला, "दादा, घ्यायची तर मोठीच घेऊ. एका खेपेत सगळा माल जाईल."

थोरला म्हणाला, "अन् हप्ता रे? पीक येवो ना येवो, तो दर महिन्याला यायचाच."

पहिली रक्कम आईच्या पाटल्या मोडून भरायची होती. आम्ही म्हटले, भांडू नका. पाटी घ्या, हिशेब मांडू.

गाडीच्या आर. सी. बुकात दोन आकडे पाहावेत. एक रिकाम्या गाडीचे वजन. दुसरा, भारासकट जास्तीत जास्त किती वजन चालेल तो. मोठ्यातून लहान वजा करा. उरेल तेवढाच भार. आम्ही लहान गाडीचे आकडे धरले १,५५० आणि ८००. वजाबाकी ७५० किलो. पण थांबा! रिकाम्या वजनात चालक धरलेला नसतो. चालक आणि गडी मिळून १३० किलो. राहिले ६२०. टोमॅटोचे भरलेले क्रेट साधारण २२ किलोचे. म्हणजे २८ क्रेट.

थोरला चमकला. "हौद्यात तर पन्नास मावतात की!"

मावतात, बरे का. पण हौद्यात मावणे वेगळे आणि गाडीला पेलणे वेगळे. जादा भाराने उतारावर ब्रेक लवकर लागत नाही. टायर फुटतो. कायदाही कडक आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये दंड, शिवाय दर जादा टनामागे २,००० रुपये.

भावांचा एका तोड्याचा माल ५५ क्रेट, म्हणजे १,२१० किलो. मोठीत एक खेप, लहानीत दोन. बाजार आठ किलोमीटरवर. दुसऱ्या खेपेचे डिझेल धाकट्याने स्वतःच काढले. फार निघाले नाही. मात्र उशिरा गेलेल्या मालाला भाव कमी मिळतो, हे त्याचे म्हणणे खरे होते. पण तोडे चालतात दोन-अडीच महिने. पुढे चारा, खत, दुधाच्या किटल्या. तेवढ्यासाठी मोठी गाडी निम्मी रिकामी धावणार, अन् हप्ता पुऱ्या गाडीचा.

माल नेहमी वाशीला न्यायचा असता, तर आम्हीच म्हटले असते, मोठी घ्या. माळशेज घाटातून दोन-दोन खेपा कोण करील? तेव्हा परवान्याचेही पाहावे लागते. भारासकट वजन ३,००० किलोच्या वर असलेल्या गाडीला मालवाहतुकीचा परवाना लागतो.

भावांनी लहान गाडी घेतली. एकच पाटली मोडावी लागली. थोरल्याने फाळक्याच्या आतून रंगाने २८ लिहिले आहे. धाकटा अजून कुरकुरतो. पहिली खेप मात्र तोच लवकर घेऊन जातो.